मी शेवटच्याची बत्ती

"नोरीनचा नवरा मागे पडलेला नाही गं, मागे राहिलाय. म्हाताऱ्याला तेवढा पुढे जाऊ दे, की दिवा आपल्याच घरात!"

व्हायोला मावशी शेजारणीला हे बोलली, तेव्हा ओसरीवर दुसरं कुणी नाही असं तिला वाटलं. पण नोरीन शिडीवर उभी राहून माझी काजळलेली काच पुसत होती. तिचा हात थांबला. मग पुन्हा पुसू लागली, जरा जास्तच जोरात. काच माझी, म्हणून मला कळलं.

मी बत्ती बोलतेय. अंग पत्र्याचं, पोटात रॉकेल. अलास्काच्या किनाऱ्यावर, लिओनाच्या दुकानाच्या ओसरीत मी टांगलेली असते. लिओना ही व्हायोलाची बहीण, आणि या हिवाळ्यापासून नोरीनची सासू.

बर्फावरून कुत्र्यांनी ओढलेल्या गाडीतून टपाल यायचं, त्या काळातली माझी उमर. कुत्र्यांची गाडी निघाल्याची बातमी आली की मला पेटवायचे, माणूस पोहोचला की विझवायचे. कितवा आला, असं कुणी विचारत नसे. आला ना, मग त्याला सूप वाढा, कुत्र्यांना मासे टाका. सन्मानबिन्मान काही नाही. बाहेर माणूस आहे, म्हणून उजेड.

पुढे कुत्र्यांच्या गाड्यांची शर्यत आली आणि तिच्यामागोमाग भाषणं आली. सगळ्यात शेवटी येणाऱ्याने मला फुंकर मारून विझवायचं, अशी रीत पडली. इथवर माझी तक्रार नव्हती. मग कुणाला तरी भरून आलं आणि शेवटच्याला पितळेचा दिवा बक्षीस मिळू लागला. दिसायला थेट माझ्यासारखा, फक्त त्यात तेल भरता येत नाही. आता शेवटच्याचे फोटो निघतात, त्याच्या चिकाटीवर बायका डोळे पुसतात. त्याच्या जरासा आधी येणाऱ्याला मात्र कुणी ओळखत नाही. झालं! लोक शेवटी येण्यासाठी झटू लागले. माणसांच्या हाती एक धड गोष्ट दिली, तर तिचीही शर्यत करून ठेवतात.

आज गावाआधीच्या शेवटच्या मुक्कामाच्या झोपडीत दोघेच उरले होते. एक क्लेमंट मामा. ते म्हातारे, कुत्री त्यांच्याहून म्हातारी, खरोखर थकून मागे पडलेले. दुसरा रसेल, लिओनाचा लाडका मुलगा, नोरीनचा नवरा. त्याची कुत्री निघायला उड्या मारत होती. बर्फ पडून वाट बुजली होती. जो आधी निघेल, त्याच्या कुत्र्यांनी छातीएवढा बर्फ तुडवत वाट पाडायची. मागचा त्या तयार वाटेवरून मजेत येणार.

आमच्या गावात प्रत्येक स्वयंपाकघरात, दुकानात, मुक्कामाच्या झोपडीतही दोन्हीकडून बोलता येणारा रेडिओ चालू असतो. एकाचं बोलणं सगळे ऐकतात आणि ऐकलंच नाही असा चेहरा करतात.

"रसेल, निघालास का रे?" लिओनाने रेडिओचा माईक तोंडाशी धरून विचारलं.

"कुत्र्यांच्या पायांतले बूट शिवतोय, आई."

"कालपासून?"

"फाटलेत फार."

दुकानात हशा पिकला. "शिव बाबा, झालरही लाव!" कुणीतरी ओरडलं. व्हायोलाने तर पितळेच्या दिव्यासाठी भिंतीत खिळासुद्धा ठोकून घेतला. याला म्हणतात धीर, असं एक गृहस्थ कॉफी ढवळत म्हणाले. धीर! झोपडीत शेगडीपाशी पाय पसरून बसायला किती धीर लागतो, ते मी दुकानाच्या खिडकीबाहेर गारठत ऐकत होते. मला विचाराल तर मला मान नको, रॉकेल द्या. आणि माझ्या नावाने कुणाला ओवाळू नका.

नोरीन कोपऱ्यात मळलेल्या पिठाचे पाव तळत होती. लग्न होऊन आल्यापासून तिला रेडिओवर बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात खरखर झाली. "लिओना, मी क्लेमंट. कुत्री जुंपतो आता. तुझ्या पोराचं शिवणकाम काही संपत नाही. त्याला एवढी हौस आहे तर असू दे."

"मामा, वाट बुजलीय ना?" लिओना हळूच म्हणाली.

"बघू. कुत्री जातील तिथवर जाऊ."

"म्हातारा निघाला!" व्हायोलाने शेजारणीच्या हातावर टाळी दिली. लिओनाने टाळी दिली नाही, पण रसेलला निघ असंही म्हणाली नाही. त्या खिळ्यावर दिवा लागावा, असं तिलाही वाटत होतंच.

नोरीनने कढई खाली उतरवली. पिठाच्या हातानेच सासूच्या हातातला माईक घेतला आणि बटण दाबलं. आता सगळं गाव ऐकणार होतं.

"रसेल, मी नोरीन. थकलेल्या कुत्र्यांकडून वाट पाडून घेऊन तू मागून येणार असशील, तर आईंच्या घरी उतर, माझ्याकडे नको. इथे सगळे हसतायत, त्यांनाही सांगते, मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. मामा, जुंपलेली कुत्री सोडवा, अजून एक कप कॉफी घ्या. रसेल निघतोय."