नावेची वाट बघतानाची चाल

वाद्यवृंदातल्या सगळ्यांत जुन्या चेलोवादकाची मुलगी व्हिडिओ गेमसाठी संगीत करायची, आणि कुणी विचारलंच तर बाबा "कॉम्प्युटरवर काहीतरी करते" एवढ्यावर भागवायचे. तिला ते माहीत होतं. आधी लागायचं, आता अंगवळणी पडलंय, असं ती म्हणे. साफ खोटं. बापाने आपलं काम असं झटकून टाकलेलं कुणाच्या अंगवळणी पडतं?

मग दिवस पालटले. सभागृहातल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या, तेव्हा वाद्यवृंदाच्या संचालकबाईंनी धाडस करून फक्त गेममधल्या संगीताचा कार्यक्रम जाहीर केला. तिकिटं हां हां म्हणता संपली. चेलो कशाशी खातात हे ज्यांना ठाऊक नव्हतं, तेही रांगेत उभे राहिले. कार्यक्रमात मुलीचीही एक चाल होती, गेममधल्या नदीकाठी नावेची वाट बघतानाची. वाजवणाऱ्यांत अर्थातच बाबा. बातमी ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, की तालीम वेळेवर सुटेल ना.

तालमीत नको तेच झालं. चाल सुरेख सुरू झाली, बासऱ्या मिसळल्या, शेवटाशी आली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. पुन्हा शेवटाशी, पुन्हा पहिल्यापासून. कागदावर तसंच लिहिलं होतं. गेममधल्या चालीला शेवट नसतोच. खेळणारा उभा आहे तोवर ती फिरत राहते, तो पुढे गेला की थांबते. इतकी वर्षं हेच करत आलेल्या मुलीच्या डोक्यातच आलं नाही, की सभागृहात बटण दाबणारा कुणी नसतो. ट्रंपेटवाल्याने शेजाऱ्याला विचारलं, की जेवणाचे डबे इथेच मागवायचे का. सगळे हसले. बाबा मात्र मान खाली घालून चेलोच्या गजाला राळ लावत बसले, आणि तिला तेच जास्त झोंबलं.

दुपारी घरी तिने शेवट लिहायला घेतला. जो लिहावा तो ओढूनताणून आणल्यासारखा. शेवटी कंटाळून म्हणाली, की संचालकबाईंना फोन करून चाल काढून टाकायला सांगते, उगाच शोभा नको.

"आधी ती गेममध्ये कशी आहे ते दाखव," बाबा म्हणाले.

आजवर त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं. तिने टीव्ही लावला आणि कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. पडद्यावर नदी, पलीकडे धुकं, काठावर छोटासा माणूस. नाव आली. आता बटण दाबायचं, की माणूस नावेत बसतो. बाबांनी बटणावर अंगठा ठेवला, पण दाबला नाही. चाल फिरत राहिली. बाबा नजर पडद्यावरून हलवेनात. समोरचा चहा निवून गेला.

"बाबा, तेच बटण. दाबा."

"कळलंय गं. पण इथून जावंसं वाटत नाहीये."

उठून तिने सगळ्यांच्या कागदांवरची पुन्हा मागे जायची खूण खोडली. शेवटचं आवर्तन एकट्या चेलोला दिलं, आणि बाबांच्या कागदावर खाली लिहिलं, "थांबावंसं वाटेल तेव्हा थांबा." संचालकबाईंनी ते वाचून भुवया उंचावल्या आणि बाबांना बजावलं, की एका आवर्तनात आटपा, पुढे अजून बरंच वाजवायचंय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. चाल सुरू होताच मागून कुणीतरी हळूच "हीच ती" म्हणालं. मुलगी जीव मुठीत धरून बसली होती. तिला दुसरं काही ऐकायचंच नव्हतं, फक्त बाबा कुठे थांबतात ते.

एकेक वाद्य गप्प झालं. बासऱ्या थांबल्या, व्हायोलिनं थांबली. चेलो एकटा उरला. बाबांनी डोळे मिटले होते. आवर्तन संपत आलं, संचालकबाईंनी थांबायची खूण करायला हात उचलला. चेलोचा शेवटचा सूर विरत गेला.

बाबांनी डोळे न उघडताच गज फिरवला आणि चाल पुन्हा पहिल्यापासून धरली.

संचालकबाईंनी हात खाली घेतला. मुलीच्या डोळ्यांना धार लागली, आणि तिने ती पुसलीसुद्धा नाही.