पिवळा राहिलेला कागद

त्या कागदाचं मला पहिल्या दिवसापासून फार कौतुक होतं, हे आधी कबूल करते. नखाएवढा पिवळा तुकडा. त्यावर लाळ सोडायची आणि पाच मिनिटं थांबायचं. पिवळा राहिला तर मूत्रपिंडं ठणठणीत, निळा झाला तर जिल्ह्याच्या इस्पितळात जायचं. सुई नाही, रक्त नाही, आणि तीन कागद मिळून एका पावाच्या किमतीचे. तीस वर्षं गावच्या दवाखान्यात सुया टोचून लोकांच्या शिव्या खाल्लेल्या मला, कालिपाला, आणखी काय हवं होतं?

जूनमध्ये डबा घेऊन मी उन्हाळी कुरणावर गेले. अकरा तंबू होते. डब्यावर रशियनमध्ये लिहिलं होतं, तपासणीआधी अर्धा तास काही खाऊ नये, आंबट तर मुळीच नको. मी वाचलं होतं, नाही असं नाही. प्रत्येक तंबूत विचारलंही, काही खाल्लंत का? सगळे नाही म्हणाले आणि ते खरंच होतं. किमिझचं नाव कुणी घेतलं नाही, मीही नाही. घोडीचं ते आंबवलेलं दूध आमच्याकडे खाण्यात धरत नाहीत. ते औषध. दारात पाऊल टाकलं की वाडगा पुढे येतो, आधी घरचं माणूस घोट घेतं, मग पाहुणा, आणि त्यानंतर कामाचं बोलायचं.

शेवटच्या तंबूबाहेर ओमुरझाक घोड्यावर खोगीर चढवत होता. त्याची बायको शायिरकुल दाराशी बसली होती, चौतिशीची, दिवसाला सहा वेळा घोड्यांच्या धारा काढणारी बाई. पाय सुजलेले, सकाळी डोळेही सुजतात म्हणाली. तो तिला खाली डॉक्टरकडे न्यायला निघाला होता. मी त्यालाच झापलं. म्हटलं, दोन दिवस तिला खडकांतून हिंदकळत नेणार आहेस, आधी माझा कागद तर बघ.

वाडगा आला. ती प्यायली, मी प्यायले. मग कागद. पाच मिनिटांनीही हळदीसारखा पिवळा. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

"खोगीर उतरव," मी म्हणाले. "उभं राहून राहून पाय सुजलेत, दुसरं काही नाही."

"नक्की ना, एजे?" त्याने विचारलं. एजे म्हणजे थोरली बहीण, तसं मला सगळे म्हणतात.

"तीस वर्षं मी काय मेंढ्या राखल्यात?"

अकरा तंबूंत एकही कागद निळा झाला नाही. ही कुरणाची आणि किमिझची करामत, असं मी गावभर सांगत फिरले.

पाच आठवड्यांनी बापिश आबा दवाखान्यात आले. त्यांची मूत्रपिंडं कामातून गेल्याचे अहवाल शहरातून कधीच आलेले होते. गंमत म्हणून मी त्यांच्याही जिभेखाली कागदाची पट्टी धरली. पिवळी! आबा खूश झाले. म्हणाले, "बघ, बरा झालो. उगाच त्या शहरातल्या डॉक्टर पोरांना फुकट मेंढी खाऊ घातली."

मीही हसले. मग त्यांच्या मिशीला पांढरं लागलेलं दिसलं. मुलाने कुरणावरून किमिझ धाडलं होतं, येता येता पिऊन आले होते. मी त्यांना चूळ भरायला लावली आणि अर्धा तास हलू दिलं नाही. दुसरी पट्टी निळी झाली. लाळेतला जो दोष कागदाला निळा करतो, त्याला तोंडातलं आंबट दाबून टाकत होतं. कुरणावर तर सकाळपासून कुणाचं तोंड कोरडं नसतं.

दुसऱ्या दिवशी घोडा घेऊन निघाले आणि आधी शेवटचा तंबू गाठला. शायिरकुल आत पडून होती. चेहरा इतका सुजला होता की डोळे शोधावे लागले. तशातही उठून तिने वाडगा भरायला घेतला. मी नको म्हणाले, आणि तूही पिऊ नकोस म्हणाले. दाराशी बसलेली तिची सासू हबकून माझ्याकडे बघायला लागली. शायिरकुलने चूळ भरली आणि आम्ही अर्धा तास बसून राहिलो. मी कारण सांगितलं. ओमुरझाक ऐकत होता.

कागद दोन मिनिटांतच निळा झाला. डब्यावरच्या रंगपट्टीतल्या शेवटच्या खुणेहूनही गडद.

"त्या दिवशी घोडा तयार होता, एजे," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता.

"माझी चूक झाली. मला कळायला हवं होतं."

"मी तुम्हाला नक्की ना म्हणून विचारलं होतं."

लाज वाटत होती आणि भीतीही, तिच्या जिवाची. शायिरकुललाच ते बघवेना. ती म्हणाली, पाहुणी रिकाम्या तोंडी बसलीय, आणि वाडगा माझ्यापुढे धरला. मी हात पुढे केला. ओमुरझाकने मधेच तो वाडगा घेतला आणि सगळं किमिझ परत चामडी बुधलीत ओतलं. आमच्याकडे वैऱ्यापुढूनही वाडगा काढून घेत नाहीत. सासूने बुधलीचं तोंड बांधलं.

तो खोगीर घेऊन बाहेर गेला. शायिरकुलला एकटीला घोड्यावर चढवेना, म्हणून मी तिच्या काखेत खांदा दिला. तेवढं त्याने मला करू दिलं.