पहिल्या बाकावरची चिमणी

"उभी राहा म्हटलं ना? कानात बोळे घातलेत का?"

छोट्या बाई खेकसल्या, तसा वर्ग खो-खो हसला. शेवटच्या बाकावरची चिमणीही हसली, सगळे हसतायत म्हणून. ते पाहून त्यांच्या लक्षात आलं, हिला ऐकूच आलं नाहीये.

त्या शिकाऊ शिक्षिका, सरावासाठी या शाळेत आलेल्या. वर्गाच्या मूळच्या बाई मोठ्या, म्हणून या छोट्या. समावेशक शिक्षणाचा पेपर त्यांना सोपा गेला होता. दिव्यांग मुलांना वर्गात कसं सामावून घ्यावं, हे त्यांनी झोपेतून उठवलं तरी घडाघडा सांगितलं असतं. आणि आल्यापासून त्या नेमक्या याच पोरीवर खेकसत होत्या.

मधल्या सुट्टीत मोठ्या बाई म्हणाल्या, "कमी ऐकू येतं तिला. ढ नाहीये ती. पण एवढ्या पोरांत मी कुणाकुणाकडे बघू, सांगा."

दुसऱ्या दिवशी चिमणी पहिल्या बाकावर आली. छोट्या बाई वर्गाकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून बोलू लागल्या. चिमणी त्यांचे ओठ टिपत बसायची. बरेच दिवस काहीच घडलं नाही. मग एकदा वजाबाकीचं उत्तर तिनं सगळ्यांच्या आधी दिलं, बोबडं आणि केवढ्या मोठ्यानं. या वेळी कुणी हसलं नाही. मागून एक मुलगी म्हणाली, "बाई, बरोबर आहे की हो तिचं."

सराव संपला त्या दिवशी चिमणीची आई फाटकाशी थांबली होती. ती घरी शिवणकाम करायची.

"तुम्ही गेल्यावर हिचं कसं?"

"मोठ्या बाईंना सगळं सांगितलंय मी."

"त्या वाईट नाहीत हो. पण त्यांना उसंत कुठाय?"

छोट्या बाईंनी खरंच सांगितलं होतं. मोठ्या बाईंनी मानही डोलावली होती.

पुढे छोट्या बाईंना लांबच्या शाळेत नोकरी लागली. जाण्याआधी कपडे शिवायला टाकावेत म्हणून त्या चिमणीच्या घरी गेल्या. भर शाळेची वेळ, आणि चिमणी दाराशी बसून सदऱ्याला गुंड्या लावत होती.

"आज शाळा नाही?"

"सुटली तिची," आई मशीन न थांबवता म्हणाली. "पुन्हा मागे बसवलं. मग रोज सकाळी पोट दुखायचं. रडत्या पोरीला किती ओढून न्यायची?"

"मी बोलते मोठ्या बाईंशी."

"बोलून झालं, बाई. इथं निदान हाताला वळण लागतंय."

चिमणीनं छोट्या बाईंचा हात ओढला. "तुमची शाळा कुठंय?"

त्या तिच्यासमोर खाली बसल्या. "लांब आहे, बाळा."

"मी येऊ?"

मशीनचा आवाज थांबला. छोट्या बाईंनी हळूच नकारार्थी मान हलवली.

"खूप लांब?"

"खूप."

कळलं, अशी चिमणीनं मान डोलावली. दातानं दोरा तोडला आणि पुढची गुंडी उचलली.