नेलिदाने चाखलेली वाइन

"रविवारी आतड्यांचा रस्सा आहे, सहा माणसं आहेत आणि माझी सासू आहे," एर्मिंदा म्हणाली. "बोला, कुठली वाइन देताय?"

"सासूबाईंना काय आवडतं?"

"काही नाही."

"मग बोनार्दा." मी गुडघ्यावर हात टेकून खाली वाकलो आणि सर्वांत खालच्या फळीवरच्या दोन बाटल्या काढल्या. "तासभर गार करा. रस्सा तेलकट, ही तोंड साफ करते. आणि सासूबाईंच्या पेल्यात सोडा घाला, म्हणजे त्यांना बोलायला काहीतरी मिळेल."

एर्मिंदा हसत हसत गेली. मायपूमधल्या या दुकानात वरच्या फळ्या मालकांच्या. तिथल्या वाइन घ्यायला मेंदोसा शहरातून गाड्या येतात, माणसं बाटली उजेडात धरून वर्ष वाचतात. खालची फळी माझी. एकोणतीस वर्षं. दगडापेक्षा वीट मऊ अशा बाटल्यांची ती जागा, पण गावातल्या निम्म्या घरांतलं रविवारचं जेवण त्या फळीवरून जातं. प्रत्येक बाटलीच्या गळ्यात माझ्या अक्षरातलं एक कार्ड असतं. 'मसुरीच्या आमटीबरोबर.' 'मक्याच्या उकडीबरोबर, उन्हाळ्यात.' 'तळलेल्या मांसाबरोबर, मुलं दंगा करत असतील तर.' लोक कार्डं वाचतात आणि म्हणतात, ओस्वाल्दोचं नाक म्हणजे नाक.

खरं सांगायचं तर माझं नाक चष्मा टेकवण्यापलीकडे कशाच्याही उपयोगाचं नाही. नाक माझ्या बायकोचं, नेलिदाचं, जीभही तिचीच. तिचा बाप वायनरीच्या तळघरात कामाला होता आणि ही सात वर्षांची असल्यापासून त्याचा डबा घेऊन जायची. पिंपांना नाक लावून कुठलं बिघडतंय ते सांगायची. बाप तिचं म्हणणं आपलं म्हणून मालकाला सांगायचा. पुढे तेच काम मी केलं. शनिवारी नव्या मालाची एक बाटली घरी न्यायची, रविवारी ती जे काही रांधेल त्याबरोबर उघडायची, आणि तिने सांगितलेलं सोमवारी कार्डावर उतरवायचं. कार्डांवरचे विनोद तेवढे माझे.

तिला याचं कधी काही वाटलं नाही. मला मात्र वाटायचं, थोडं. एखाद्याने नाकाची स्तुती केली की मी उगाच बाटल्या पुसायला लागायचो.

गेल्या वर्षी द्राक्षं उतरवायच्या दिवसांत तिच्या जिभेखाली गाठ निघाली. ती कापली, मग तेहतीस दिवस किरणं दिली. बाई वाचली. चवीबद्दल विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "येईल सहा महिन्यांत. नाहीतर नाही येणार." इतक्या सहज म्हणाले की मला त्यांचा गळा धरावासा वाटला. नेलिदाने फक्त रुमाल घडी करून पिशवीत ठेवला.

पुढचे काही महिने तिच्या पुढ्यात काहीही ठेवलं तरी ती पुठ्ठा चावल्यासारखी खायची. मी एकेक बाटली आणून बघितली. गोडसर क्रिओला, सुगंधी तोरोंतेस, एकदा तर मालकांच्या वरच्या फळीवरची मालबेक. ती घोट घ्यायची आणि मान हलवायची. दुकानात मी चाळीस जणांची जेवणं जमवून देत होतो आणि माझ्या घरच्या टेबलावर मात्र हात टेकले होते.

मग यंदा जूनमध्ये, इकडच्या भर थंडीत, ती एका रविवारी म्हणाली, "आज थोडं कळतंय." मी खुर्चीवरून उठलो आणि परत बसलो. पुढच्या रविवारी कार्ड आणि पेन घेऊनच जेवायला बसलो. ती पूर्वीसारखी सांगू लागली, मी लिहू लागलो. दुकानात पुन्हा नवी कार्डं लागली.

एक-दोन गिऱ्हाइकं कुरकुरली, नाही असं नाही. अगिरे नावाचा रिटायर पोस्टमन येऊन म्हणाला, "तुझ्या त्या पांढऱ्या वाइनने आमच्या माशाची पार माती केली." मी त्याला म्हणालो, मासाच शिळा असेल. अगिरे आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. आणखी एक गोष्ट मी बघत होतो, पण मनावर घेतली नाही. नेलिदा आयुष्यभर मीठ चिमटीने घालायची, आता चमचा घेऊन मोजून घालत होती. मला वाटलं, डॉक्टरांनी कमी सांगितलं असेल.

ऑगस्टमधल्या त्या रविवारी सोंदा सुटला होता. डोंगरावरून येणारा हा गरम वारा दारं-खिडक्या बंद केल्या तरी घरात धूळ आणतो, आणि माझं नाक सकाळपासून चोंदलेलं होतं. आमची सिल्विना आणि तिचा नवरा रुबेन जेवायला आले होते. नेलिदाने रिकोटा चीज भरलेल्या रविओली केल्या होत्या, वर टोमॅटोचा रस्सा. मी नव्या कंपनीची नमुन्याची बाटली आणली होती. ती दुकानाच्या काचेमागे किती दिवस उन्हात उभी होती देव जाणे.

बूच काढलं. नेहमीप्रमाणे पहिला घोट तिच्या पेल्यात ओतला आणि खिशातून कार्ड काढलं.

तिने पेला फिरवला, नाकाशी नेला, घोट घेतला, डोळे मिटले.

"छान आहे," ती म्हणाली. "काळी बोरं. मागून जरासा धूर. चीज घातलेलं काही असलं की हीच द्यायची."

मी लिहून घेतलं आणि सगळ्यांचे पेले भरले. रुबेन सज्जन माणूस, पण त्याला घाई फार. त्याने अर्धा पेला एका दमात घेतला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं रे?"

"ठसका लागला," तो म्हणाला.

सिल्विनाने ओठ लावला, पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मग मी प्यायलो. चोंदलेल्या नाकालाही कळावं असं निव्वळ व्हिनेगर होतं. सॅलडवर ओतलं असतं तर सॅलडने तक्रार केली असती.

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. बाटली खराब निघाली, एवढे तीन शब्द. पण कार्ड माझ्या हातात होतं, त्यावर 'काळी बोरं' लिहिलेलं होतं आणि शाई अजून ओली होती. खराब म्हणावं तर तिचं पितळ तिच्याच टेबलावर उघडं पडत होतं.

"हो, छान आहे," मी म्हणालो.

"एकदम," रुबेन म्हणाला. "धूर लागतो मागून."

एवढं त्याने बोलायला नको होतं. नेलिदाने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग तिघांच्या पेल्यांकडे. आमच्या घरात चांगली वाइन कोणी अशी औषधासारखी पीत नाही.

"किती वाईट आहे?" तिने विचारलं.

बाहेर वाऱ्याने पत्रा वाजत होता.

"सिल्विना, तू सांग. हा नाही सांगायचा."

"व्हिनेगर झालंय गं, आई."

नेलिदाने मान हलवली आणि पेला बाजूला सारला. मग आलेल्या पाहुण्याचं करावं तसं रुबेनच्या ताटात आणखी दोन रविओली वाढल्या.

"चव परत कधी गेली?" मी विचारलं.

"आली कुठे होती?"

"जूनमध्ये तू म्हणालीस..."

"जूनमध्ये तुझं तोंड बघवत नव्हतं. म्हटलं, एक रविवार खोटं बोलू, जरा बरं वाटेल त्याला. तर तू पुढच्या रविवारी पेन घेऊनच बसलास. मग काय सांगणार? बाटलीवरचं नाव बघायचे, रंग बघायचे, जुन्यातलं काहीतरी आठवून सांगायचे. जुळलं असेल बऱ्याचदा."

"जुळलं," मी म्हणालो. अगिरेची माती झालेली मासळी मी गिळून टाकली.

मला रडू आलं नाही, राग आला. कोणाचा ते कळेना. तिला बरं वाटावं म्हणून मी विचारत होतो आणि मला बरं वाटावं म्हणून ती सांगत होती. दोघांनी मिळून अर्ध्या गावाचं जेवण बिघडवलं, आणि तिच्या तोंडात पुठ्ठा तो पुठ्ठाच.

सिल्विना उठली. आतून घरातली रोजची बोनार्दा आणून तिने नवे पेले मांडले. आईच्या पेल्यावर बाटली धरली तेव्हा नेलिदाने हाताने पेला झाकला.

"मला नको. याला ओत." मग मला म्हणाली, "तू पी, आणि कशी आहे ते मला सांग."

"मी काय सांगू?"

"एकोणतीस वर्षं मी सांगतेय. आता तू सांग की."

मी घोट घेतला. ती करायची तसा जिभेवर फिरवला, डोळेसुद्धा मिटले. डोळे उघडले तर तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होती.

"चांगली आहे," मी म्हणालो.

"चांगली म्हणजे कशी?"

"म्हणजे... लाल आहे."

रुबेनला हसू फुटलं. सिल्विनाने त्याला कोपराने ढोसलं. नेलिदा हसली नाही. तिने टेबलावर कोपर टेकला आणि हनुवटी हातात घेतली.

"फळ कुठलं लागतंय?"

याच बोनार्दाबद्दल तिने सांगितलेलं सगळं मला पाठ होतं. पिकलेले आलुबुखार, पाणी सोडल्यावरची बागेतली माती. शब्द अगदी ओठांशी आले. पण ते तिचे तिलाच परत दिल्यासारखं झालं असतं, आणि तिने ते पहिल्या अक्षराला ओळखले असते. माझं स्वतःचं असं मी तोंडात शोधत होतो आणि तिथे नुसतं ओलं आणि गार लागत होतं.

"घाई नाही," ती म्हणाली. "आणखी एक घोट घे."

मी घेतला. मग आणखी एक घेतला. रविओली निवत होत्या, पण काट्याला कोणी हात लावत नव्हतं. नेलिदा माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिली.