लोंगयाचा आरपार डोंगर

बसमधून उतरल्या उतरल्या त्यानं मला विचारलं, "काका, आरपार भोक असलेला डोंगर कुठं आहे? खाली गुहा, आणि गुहेत पाणी."

मी हसलो. "अरे, चुनखडीचा मुलूख हा. पाऊस इथल्या डोंगरांना उंदरासारखा कुरतडतो. भोकंच भोकं! तुला कुठलं हवंय?"

तो हसला नाही. त्याचं नाव तेंग हायफेंग. उत्तरेकडचा, शानदोंग प्रांतातला. पस्तिशी ओलांडलेली, दाढी वाढलेली. मी स्टँडवर भाड्यानं व्हॅन चालवतो; तिच्यात बसल्यावर त्यानं सगळं सांगितलं. लहानपणी त्याला कुणीतरी इथून पळवून नेऊन तिकडे विकलं होतं. जिनं वाढवलं त्या म्हातारीनं मरताना एवढंच सांगितलं, की तू दक्षिणेतल्या डोंगरांतला. पोलिसांकडे रक्त देऊन झालं होतं, कुणाशी जुळलं नव्हतं. आता उरली होती ती त्याची आठवण. आई पेटती काटकी घेऊन गुहेत पाण्याला उतरायची, हा तिच्या पाठीला बांधलेला. आत गाईच्या आचळासारखा एक पांढरा दगड ठिबकत असायचा. त्याखाली आई ओंजळ धरायची आणि पहिलं पाणी याला पाजायची.

"आईला तुमच्या भाषेत काय म्हणतात?" त्यानं विचारलं.

"आम्ही झुआंग लोक 'मेह' म्हणतो."

"मेह," तो पुटपुटला. पुन्हा म्हणाला. मग मान हलवून खिडकीबाहेर बघत बसला. शब्द त्याला ओळखीचा वाटला नव्हता.

मी त्याला आधी आंबवलेल्या बांबूच्या कोंबांचा शेवया-रस्सा खाऊ घातला. उत्तरेची माणसं त्या वासानं नाक धरून पळतात. यानं वाडगा चाटूनपुसून साफ केला.

"बघ! जीभ इथलीच आहे तुझी," मी म्हणालो. त्याचे डोळे असे काही उजळले, की बोललो याचा मला नंतर दिवसभर पस्तावा झाला.

पहिला डोंगर तिकिटाचा. गुहेत लाल-हिरवे दिवे, आणि कर्ण्यावरून एक पोरगी ओरडत होती, "हा बघा हत्ती, ही बघा परी!" हायफेंग प्रत्येक लोंबत्या दगडाखाली थांबून वर बघायचा. मागचे लोक वैतागले, "ओ साहेब, चला की पुढं, इथं मुक्काम करताय काय!" दुसऱ्या गुहेत पाणी होतं, पण वरच्या डोंगराला भोक नव्हतं. तिसरीकडे भोक होतं, गुहाच नव्हती. दुपार झाली तेव्हा त्याच्या चपलांना लाल चिखल लागला होता.

रस्त्याच्या कडेला एक म्हातारी उकडलेल्या शेंगा विकत होती. तिला नोंग आजी म्हणतात. मी सहज विचारलं.

"आचळाचा दगड?" तिनं माप खाली ठेवलं. "तो आमच्या लोंगयातला. वर आरपार भोक, संध्याकाळी त्यातून ऊन पडायचं गावात. मीसुद्धा तिथलंच पाणी प्यायले."

हायफेंगनं तिचा हात धरला. "आजी, दाखवा मला."

"काय दाखवू? सिमेंटात गेला तो."

तरी ती व्हॅनमध्ये बसली. लोंगयाला डोंगर नव्हताच. पांढरा खड्डा, धूळ, आणि खड्ड्याच्या एका भिंतीत चिरून उघडी पडलेली अर्धी गुहा. लोंबते दगड भर उन्हात लटकत होते. खाणीचा राखणदार "सुरुंग लावलेत, मागं व्हा" म्हणून ओरडत होता, पण हायफेंग वर चढला. एका तुटक्या दगडाखाली त्यानं ओंजळ धरली. बराच वेळ धरली. दगड कोरडा ठाक होता.

खाली येऊन त्यानं विचारलं, "इथून कुणाचं पोर हरवलं होतं?"

"एकाचं असतं तर सांगितलं असतं रे," आजी म्हणाली. "तीसेक वर्षांमागं एकाच साली तीन घरांतली पोरं गेली. एक आई शोधायला म्हणून ग्वांगदोंगला गेली ती परत आली नाही. एक नदीत गेली. तिसऱ्या घरानं बिऱ्हाड हलवलं, कुठं ते देव जाणे. गावच उठलं, कुणाला विचारणार?"

"माझ्याकडे बघा ना, आजी. त्यांच्यातल्या कुणासारखा दिसतो मी?"

आजीनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. उजेडाकडे वळवलं. कपाळ, नाक, कानाची पाळी, सगळं बोटांनी चाचपलं. तिला हो म्हणायचं होतं, मला दिसत होतं. पण तिला खोटं बोलवेना.

"तू कुणासारखाच दिसत नाहीस, बाळा."

तो खड्ड्याच्या काठावर बसला आणि मोठ्यानं रडला. थोड्या वेळानं शिट्टी वाजली, आम्हाला मागं सरावं लागलं, आणि ती उरलेली भिंतही आमच्यादेखत खाली आली.

तो महिनाभराची रजा काढून आला होता. माझ्या बायकोनं वरच्या खोलीत अंथरूण घालून ठेवलं होतं. पण तो म्हणाला, "काका, मला स्टँडवर सोडा."

"अरे, उद्या दुसऱ्या तालुक्यात बघू. डोंगर काय थोडे आहेत?"

"तेच तर," तो म्हणाला.

नोंग आजीनं त्याच्या खिशात शेंगा कोंबल्या. तो संध्याकाळच्या गाडीनं गेला. खिडकीकडची जागा रिकामी होती, तरी तो आतल्या बाजूला बसला.