पाठीच्या परावरचा ठिपका

घड्याळजींनी टाकीतली मधली काच उचलायला हात घातला, तशी बायको म्हणाली, "अहो, थांबा जरा."

लोकांची घड्याळं तासन्‌तास उघडून बसणाऱ्या या माणसाला माशांच्या बाबतीत कुणी थांब म्हटलेलं खपत नसे.

काचेच्या अलीकडे त्यांची मादी होती, बुटका पाइक सिक्लिड या शिकारी माशाची. बोटाएवढी लांब आणि स्वभावाने चांगलीच जहांबाज. दोन वर्षांपूर्वी दुकानातल्या पिशवीत तिच्या अंगावर उभे पट्टे दिसले आणि घड्याळजींनी जागच्या जागी जात ठरवून टाकली, कॉम्प्रेसिसेप्स. काचेपलीकडे त्याच जातीचा नर होता, परवाच मागवलेला. मादीचं पोट गुलाबी झालं होतं, म्हणजे ती अंड्यांना तयार होती. नर तिच्या जातीचा असेल तर संसार थाटेल. नसेल तर एवढ्याशा टाकीत तिला फाडून टाकेल.

"शिंपीभावजी म्हणाले होते ना, ही रेगानी जातीची आहे म्हणून?"

"त्याने काजं करावीत. मासे माझ्याकडे सोडावेत."

हेच वाक्य त्यांनी वर्षापूर्वी शिंप्याच्या तोंडावर फेकलं होतं. वीस वर्षांची मैत्री त्या दिवशी तुटली. चूक कुणाची होती हे बायकोला पक्कं ठाऊक होतं, पण बोलायची सोय नव्हती. तिने त्यांचंच भिंग उचलून डोळ्याला लावलं.

"पाठीच्या परावर काळा ठिपका आहे. भोवती पांढरी कड. तुमच्या नराच्या जातीत मादीला असा ठिपका असतो का?"

"प्रकाश पडलाय तसा," ते म्हणाले आणि त्यांनी काच वर ओढली.

नर क्षणभर हललाच नाही. मग तीर सुटावा तसा सुटला. मादी फुटक्या मडक्यात शिरली, तो मागोमाग शिरला, आणि आतून वाळू उडाली. ती बाहेर आली तेव्हा तिची शेपटी फाटली होती.

"काच घाला! आधी काच!" बायको ओरडली.

घड्याळजींची जाळी टाकीतल्या लाकडात अडकली. केसाएवढे स्क्रू बसवणाऱ्या हातांना ती सोडवता येईना. शेवटी बायकोनेच दोघांच्या मधे काच दाबली. मादी कोपऱ्यात तिरकी पडून धापा टाकत होती.

घड्याळजींनी भिंग लावलं. ठिपका होता. भोवती कडही होती. मघापर्यंत अंगावर एकही पट्टा नव्हता, आता भेदरल्यावर मात्र तेच उभे पट्टे उमटले होते. त्या दिवशी पिशवीतही अशीच घाबरली होती बिचारी, म्हणून पट्टे दिसले होते. आणि एकदा जात ठरवल्यावर, रोज दोन वेळा खाऊ घालतानाही, त्यांनी पुन्हा नीट बघितलंच नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

या जातीचं औषधपाणी कळणारा माणूस एकच होता. त्यांनी शिंप्याला फोन लावला.

"मी बोलतोय. तुझं बरोबर होतं."

"वर्षभरात मी पुष्कळ गोष्टी बरोबर बोललोय. नेमकी कुठली?"

बायको समोरच उभी होती. घड्याळजींनी मान खाली घातली.

"ती रेगानीच आहे. मी ऐकलं नाही. दुसऱ्या जातीचा नर सोडला तिच्यावर."

पलीकडे चालू असलेलं शिवणयंत्र थांबलं.

"जिवंत आहे ना?"

"आहे अजून."

"मग तिला हात लावू नकोस. मी निघालोय."