साकीनाक्याच्या गाळ्यातला लेथ

मित्रांनो, अंधेरी पूर्वेला, साकीनाक्याच्या एका बंद गाळ्यात उभा असलेला जुना लेथ मी. लोखंडी दांडा गरागरा फिरवून त्याला हवा तसा आकार देणारं यंत्र म्हणजे लेथ. माझे पाय सिमेंटमध्ये रोवलेले आहेत. शटर खाली आहे. पलीकडच्या गाळ्यात काम चालतं, ते भिंतीतून ऐकू येतं. मला मात्र जागचं हलता येत नाही.

माझा जन्म पंजाबातल्या एका ओतशाळेत झाला. विलेपार्ल्याच्या बाळ आगाशे यांनी मला विकत घेतलं. इंजिनिअर झाल्यावर नोकरी न करता त्यांनी हा गाळा घेतला होता. एका मोठ्या कंपनीच्या पाण्याच्या पंपांचे दांडे माझ्यावर तयार होत. दसऱ्याला झेंडूचा हार घातला की मी स्वतःला या गाळ्याचा राजाच समजत असे.

आगाशेसाहेब मात्र त्या काळातही सुखी नव्हते. चांगलं पोलाद हवं तर अर्ज, परवाना, सही, पुन्हा अर्ज. सरकारी कचेरीतून परत आले की ते स्टुलावर बसत आणि म्हणत, "माझेच हात बांधून मला पोहायला सांगतात."

धाकू घाडी आमच्याकडे आले ते गिरण्यांच्या संपानंतर. मूळचे देवगडकडचे. गिरणीच्या वर्कशॉपमध्ये त्यांची अर्धी हयात गेली होती. संप लांबत गेला, गिरणीचं दार काही उघडलं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या अंगावरचा जुना चिकटा रॉकेलने पुसून काढला आणि मला म्हणाले, "तुजी सवय होऊंक जरा दिवस लागतले हां." त्यांच्या हाताखाली मी फार सुखात होतो. साहेबही पाहुण्यांना सांगत, "घाडी आहेत म्हणून गाळा आहे." जेवायला दोघं एकाच बाकड्यावर बसत.

मग पंच्याऐंशी साली एक शब्द आला. उदारीकरण.

साहेबांनी तो पेपरातून मोठ्याने वाचून दाखवला. त्यांचा चेहरा उजळला होता. "घाडी, आता परवान्यांची कटकट संपणार. उदार धोरण म्हणजे मोकळीक. ज्याच्यात धमक आहे तो पुढे जाईल."

धाकूंनी भाकरीचा तुकडा मोडला. "मोकळीक कोणाला, साहेब? आमच्या मालकालापण मोकळीकच हवी होती. गिरणी बंद करायची मोकळीक."

"त्याचा याच्याशी काय संबंध? तुम्ही सगळ्या गोष्टी संपावर नेता."

"आणि तुम्ही सगळ्या परवान्यावर."

त्या दिवशी दोघंही हसले. पुढे हसणं कमी झालं. वीज गेली, दांडा बिघडला, पोलाद महागलं, काहीही झालं तरी तोच शब्द निघू लागला. साहेबांच्या तोंडी तो आशीर्वाद होता, धाकूंच्या तोंडी शिवी. एकच शब्द दोघं एकमेकांवर फेकत आणि मी मध्ये उभा. पुढे धाकू डबा घेऊन बाहेर पायरीवर बसू लागले.

धाकूंची मुलगी सुलक्षणा जवळच टीव्हीचे भाग जोडण्याच्या कारखान्यात लागली होती. सुटल्यावर ती बापाला घ्यायला येई. साहेब म्हणत, "बघा, हिची नोकरी उदार धोरणाचीच." धाकू म्हणत, "बोलायला गेली तर घरी बसवतात, ती कसली नोकरी?" सुलक्षणा म्हणे, "बाबा, दोन्ही खरं आहे. चला आता."

सत्त्याऐंशी साली पंपाच्या कंपनीने परदेशातून आपोआप चालणारी यंत्रं आणली. आमच्याकडे येणारं काम आटलं. मी अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस गप्प उभा राहू लागलो. त्याच सुमारास धाकूंना मुलुंडच्या एका वर्कशॉपमधून बोलावणं आलं. सोमवारपर्यंत होय की नाही कळवायचं होतं. गाळा चालणार असेल तर त्यांना जायचं नव्हतं. या वयात पुन्हा नव्या दारात उभं राहायची त्यांना भीती वाटत होती.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी साहेबांना विचारलं, "आपल्याकडे काम येणार ना?"

साहेब म्हणाले, "घाडी, हा संक्रमणाचा काळ आहे. उदारीकरणाची फळं यायला वेळ लागतो. बाजार मोकळा झाला की..."

"तुमच्या उदारीकरणानेच काम नेलं."

"हे उदारीकरणच नव्हे. हे अर्धवट आहे. खरं झालं असतं तर..."

झालं, दोघांचे आवाज चढले. साहेब देशाबद्दल बोलत होते, धाकू गिरण्यांबद्दल. विचारलेला प्रश्न तसाच राहिला. सुलक्षणा दारात उभी होती. ती आत आली.

"काका, तो शब्द बाजूला ठेवून सांगाल? सोमवारी शटर उघडणार का?"

साहेबांचा हात माझ्या चाकावर होता.

"सोमवारी उघडेन," ते म्हणाले. "पुढच्या महिन्याचं नाही सांगत. नाही उघडणार बहुतेक."

धाकू स्टुलावर बसले. "मग हे आधी सांगायचं ना, साहेब."

"तुम्हाला सांगितलं असतं तर मलाही ऐकावं लागलं असतं."

मग धाकूंनी उरलेला डबा उघडला आणि बाकड्यावर सरकून जागा केली. साहेब शेजारी बसले.

धाकू मुलुंडला रुजू झाले. जाण्याआधी त्यांनी मला ग्रीस लावून गोणपाट पांघरलं. महिनाभरात साहेबही पुण्याला नोकरीवर गेले. माझ्यासाठी गिऱ्हाईक मिळालं नाही. आता माझ्या अंगावर गंज चढतो आहे. कुठे दुखतं ते सांगायला मला तोंड नाही.

पलीकडच्या गाळ्यात हल्ली तोच शब्द ऐकू येतो. एक जण त्याने घाबरवतो, दुसरा त्याने दिलासा देतो. मित्रांनो, यंत्राला तेल द्या, वापरत नसाल तर वापरणाऱ्याला द्या. आणि कोणी मोठा शब्द उच्चारला तर भांडू नका, मान डोलावूही नका. शेजारी बसा आणि विचारा, यात तुमचं काय होणार आणि माझं काय होणार? उत्तर द्यायला त्याला वेळ लागेल. तेवढा वेळ त्याला द्या.